साईट दिसून नाही राहिली!

मुलांनो, सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळांनी स्वतःची वेबसाईट तयार केलेली दिसते. कुणी गावाची केली, कुणी क्रिकेटच्या आकड्यांची, तर एका पठ्ठ्याने चक्क आपल्या बैलजोडीची! छान, छान. पण जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच आहे. "माझ्याकडे दिसते, पण मित्राच्या मोबाईलवर दिसत नाही." आमच्या आष्टीची पोरं हेच आपल्या भाषेत सांगतात, "मॅडम, माही साईट दिसूनच नाही राहिली! कावून असं?"

तर आज नवीन काही शिकायचं नाही. आज नुसती दुरुस्ती!

डॉक्टरकाकांकडे गेलात आणि नुसतं "दुखतं" म्हणालात, तर ते औषध देतील का? ते विचारणार, कुठे दुखतं? कधीपासून? काल काय खाल्लं होतं? तसंच "साईट दिसत नाही" हे काही दुखण्याचं नाव नव्हे. पडद्यावर काय उमटलं ते अक्षरन् अक्षर वाचा आणि वहीत लिहून घ्या. आपल्याला एक फार वाईट खोड असते बरं का. लाल अक्षरं दिसली रे दिसली की आपण घाबरून खिडकीच बंद करतो. अहो, त्या लाल अक्षरांतच तर उत्तर असतं! "पत्ता सापडला नाही" हे एक दुखणं, "उत्तर यायला फार वेळ लागला" हे दुसरं, "४०४" हे तिसरं. तिघांचे औषध वेगवेगळे.

सगळ्यात आधी ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीकडे बघा. तिथे 'फाइल' असा शब्द आणि पुढे तुमच्या सी ड्राइव्हचं नाव दिसतंय का? मग तुमची साईट अजून घराबाहेर पडलेलीच नाही. तुम्ही तुमच्याच कपाटातली वही उघडून वाचताय, आणि म्हणताय की सगळ्या जगाला ती दिसावी! 'लोकलहोस्ट' किंवा १२७.०.०.१ असं दिसत असेल तरी तीच गत. १२७.०.०.१ या आकड्याचा अर्थ प्रत्येक कॉम्प्युटरच्या भाषेत 'मी स्वतः' असा असतो. हा पत्ता तुम्ही मैत्रिणीला दिलात तर तिचा कॉम्प्युटर तुमच्याकडे येणारच नाही, तो स्वतःच्याच घरात शोधाशोध करील. 'माझ्या घरी ये' असं नुसतं लिहून दिलं तर वाचणारा स्वतःच्याच घरी जाणार की नाही?

आता काही हुशार मुलं म्हणतील, "मॅडम, मग आमचा जुना कॉम्प्युटरच सर्व्हर करतो ना! चोवीस तास चालू ठेवतो." करा की! शिकायला याच्यासारखी दुसरी शाळा नाही. घरातल्या किंवा शाळेच्या खोलीतल्या बाकी कॉम्प्युटरवर ती साईट झकास दिसेल. बाहेरच्यांना मात्र बहुधा दिसणार नाही, आणि त्याचं कारण मोठं मजेशीर आहे.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे हे पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास आहेत. एके काळी वाटलं होतं, कधी संपणारच नाहीत. पण जगाच्या मुख्य कोठारातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले! मग मोबाईल आणि इंटरनेट कंपन्यांनी युक्ती काढली. पुष्कळ गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता. एखादं वसतिगृह डोळ्यांपुढे आणा. आतल्या मुलाने घरी पत्र लिहिलं, तर गृहपाल वहीत नोंद करून ठेवतात आणि त्याचं उत्तर आलं की बरोबर त्याच मुलाला देतात. पण बाहेरून आपणहून एक पत्र आलं आणि त्यावर नुसतं 'वसतिगृह' एवढंच लिहिलेलं असलं तर? दोनशे मुलांपैकी कुणाला द्यायचं? गृहपाल ते बाजूला टाकतात. तुमच्या घरच्या सर्व्हरकडे येणाऱ्या पाहुण्यांचं असंच होतं. शिवाय आपल्याकडे लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नाही. लाइट गेली की साईट गेली.

लाइटवरून आठवलं. जगातला पहिला वेब सर्व्हर स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाजवळ, सर्न नावाच्या प्रयोगशाळेत होता. टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने १९९० च्या अखेरीस तो चालू केला. 'नेक्स्ट' कंपनीचा तो एक काळा कॉम्प्युटर होता. साफसफाई करणाऱ्याने किंवा शेजारच्या कुणी चुकून बटण दाबलं तर? तेव्हाचं सगळं वेब बंद! म्हणून त्याच्यावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी डकवली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, अशा अर्थाची. आमच्या शाळेत खिचडीच्या गॅसवर अशीच एक चिठ्ठी आहे!

म्हणून साईटसाठी आपण कुठेतरी खोली भाड्याने घेतो. त्यालाच होस्टिंग म्हणायचं. नुसत्या पानांच्या, म्हणजे ज्यात मागे कुठला प्रोग्रॅम चालत नाही अशा साईटसाठी फुकटात जागा देणारेही आहेत. शिकताना तेच बरं.

खोली घेतली, पाटी लावली, तरी साईट दिसत नाही. आता काय?

आता पाटीकडे, म्हणजे नावाकडे बघू. आष्टी नावाची किती गावं आहेत ठाऊक आहे? आमची वर्धा जिल्ह्यातली, एक बीड जिल्ह्यातली, एक गडचिरोलीची. नुसतं 'आष्टी' लिहून पाठवलेलं पत्र कुठल्या कुठे जायचं. म्हणून तर १९७२ च्या १५ ऑगस्टला आपल्याकडे पिनकोड आला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, टपाल खात्यात अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित! माणसाला नाव लक्षात राहतं, टपालाला आकडा सोयीचा पडतो. इंटरनेटचंही अगदी तसंच. तुम्ही नाव टाइप करता आणि पडद्यामागे कुणीतरी त्याचा आकडा शोधून देतं.

हे 'कुणीतरी' पूर्वी खरोखरच एक बाई होत्या. अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सगळ्या कॉम्प्युटरांच्या नावांची एकच यादी सांभाळत. नवा कॉम्प्युटर जोडायचा असला की त्यांच्याकडे कळवायचं, मग त्या ती नोंद करणार. कॉम्प्युटर वाढत गेले, यादी लांबत गेली. शेवटी १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस नावाची पद्धत काढली. यात एकच मोठी यादी नसते. ज्याची त्याची नोंद ज्याच्या त्याच्याकडे, आणि कुणाला विचारायचं ते सांगणारी माणसं, म्हणजे यंत्रं, वाटेवर. तलाठ्याकडे तुमच्या गावाचा सातबारा असतो, शेजारच्या गावाचा नसतो, तसं.

आता इथे अडतं कुठे? तुम्ही नाव विकत घेतलं एका दुकानातून आणि खोली घेतली दुसऱ्याकडे. नावाच्या नोंदीत त्या खोलीचा आकडा लिहायलाच विसरलात! किंवा लिहिलात, पण दहा मिनिटांपूर्वी. वाटेतली यंत्रं जुनं उत्तर काही काळ लक्षात ठेवतात. दर वेळी नव्याने विचारत बसलं तर गर्दी होईल ना! म्हणून नोंद बदलल्यावर कुठे पाच मिनिटांत दिसते, कुठे एक-दोन दिवस लागतात. या काळात तुमच्या मोबाईलवर साईट दिसते आणि मामाच्या गावी दिसत नाही, असा चमत्कार घडतो. अशा वेळी सगळं पुन्हा पुन्हा बदलत बसू नका. एकदा बदलायचं, वेळ लिहून ठेवायची आणि खेळायला जायचं. डाळ शिजताना कुकरचं झाकण सारखं उघडून बघतं का कुणी?

(जाता जाता एक. मराठीतही साईटचं नाव घेता येतं! देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४ च्या ऑगस्टपासून मिळू लागलं. पण आतल्या आत यंत्र त्याचं इंग्रजी अक्षरांत रूपांतर करतं आणि ते रूप 'एक्स एन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतं. तसलं काही विचित्र दिसलं तर कुणी साईट पळवली म्हणून घाबरू नका. ते तुमचंच नाव आहे, परदेशी कपड्यांत!)

समजा, आकडा बरोबर सापडला आणि पाहुणा दारात आला. पण दार कुठलं? एका सर्व्हरला ६५ हजारांवर दारं असू शकतात. त्यांना पोर्ट म्हणतात. साध्या वेबचं दार ८० नंबरचं, कुलूपबंद सुरक्षित वेबचं ४४३ नंबरचं. स्वतःचा सर्व्हर मांडणारी मोठी मुलं इथे नेहमी अडकतात. सर्व्हरचा प्रोग्रॅम आत चालू असतो, पण फायरवॉल नावाच्या राखणदाराला '८० आणि ४४३ उघडे ठेव' असं सांगितलेलंच नसतं. मग पाहुणा दार वाजवून वाजवून थकतो. पडद्यावर काय येतं? "उत्तर यायला फार वेळ लागला." याउलट "जोडणी नाकारली" असं चटकन आलं, तर बहुधा दारापर्यंत वाट आहे, पण आत दार उघडायला कुणीच नाही. म्हणजे सर्व्हरचा प्रोग्रॅम बंद पडलाय. बघा, दोन वाक्यं, दोन वेगळे रोग! 'पिंग' नावाची एक सोपी आज्ञा असते, ती वापरून सर्व्हरला "आहेस का रे?" असं विचारता येतं. माइक मूस यांनी १९८३ मध्ये ती लिहिली. पाणबुडी आवाज सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते, त्यावरून हे नाव. पण काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तेव्हा उत्तर नाही म्हणजे सर्व्हर मेलाच, असं समजू नका.

आणि ४०४? ४०४ दिसलं की मुलं रडकुंडीला येतात. मला तर ४०४ दिसलं की हायसं वाटतं. का सांगू? ४०४ कोण म्हणतं? सर्व्हर म्हणतो! म्हणजे नाव बरोबर, आकडा बरोबर, दार उघडं, आत माणूस जागा. फक्त तो म्हणतोय, "बाळा, तू मागतोस ती वस्तू या कपाटात नाही." नव्वद टक्के काम झालंच की! (सर्नमध्ये ४०४ नंबरची खोली होती आणि त्यावरून हा आकडा पडला, अशी एक गोष्ट सांगतात. ती निव्वळ दंतकथा आहे.)

वस्तू का सापडत नाही, याची कारणं मात्र मोठी खट्याळ असतात. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळत नाही. फोटोच्या नावात शेवटी मोठ्या लिपीतलं जेपीजी असो की छोट्या लिपीतलं, त्याला सगळं सारखंच. पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्स म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या हेडसरांसारखा. काना-मात्रेचा फरक चालणार नाही! त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फायली. म्हणून घरी फोटो दिसतो आणि सर्व्हरवर दिसत नाही. एकदाच ठरवून टाका : फायलींची सगळी नावं छोट्या लिपीत, मध्ये मोकळी जागा नाही.

दुसरी खोडी नोटपॅडची. तुम्ही फाइलला 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नाव देता, आणि नोटपॅड गुपचूप त्याला 'डॉट टीएक्सटी' असं शेपूट लावून मोकळा होतो. विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे तुम्हाला दिसतच नाही! फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन शेपटं दाखवायला सांगा, लगेच चोर सापडेल. आणि हो, पहिल्या पानाचं नाव 'इंडेक्स'च हवं, कारण नुसतं साईटचं नाव टाकलं की सर्व्हर आधी तेच शोधतो.

४०३ आलं तर वस्तू आहे, पण दाखवायची परवानगी नाही. लिनक्सवर फायलींना साधारणपणे ६४४ आणि फोल्डरांना ७५५ अशी परवानगी देतात. कुणी 'शहाणा' सांगेल, "सगळ्याला ७७७ देऊन टाक, काम फत्ते!" त्याचं मुळीच ऐकू नका. ७७७ म्हणजे घराला दारच नाही. कुणीही यावं, काहीही लिहून जावं. ५०० आलं तर सर्व्हरच्या स्वयंपाकघरात काहीतरी करपलंय. तिथे तर्क लढवत बसू नका. 'एरर लॉग' नावाची वही असते, तिची शेवटची ओळ वाचा. बहुधा ओळीचा नंबरसुद्धा दिलेला असतो!

आता एक खरी हकीगत सांगते. माझ्या वर्गात शिकून गेलेली एक मुलगी आता नववीत आहे. तिने आमच्या गावाची साईट केली. आष्टीला सगळे 'आष्टी शहीद' म्हणतात, ते उगाच नव्हे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. 'चले जाव'च्या त्या दिवसांत इथल्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळीबार झाला, माणसं शहीद झाली. त्याच दिवशी तिकडे चिमूरलाही तसंच पेटलं. आजही नागपंचमीला गावात त्यांची आठवण केली जाते. या मुलीची पणजी त्या वेळी लहान पोर होती. त्या दिवशी घराची कवाडं कशी लावून घेतली, आई कुठे लपवून बसली होती, बाहेरून कसले आवाज येत होते, हे सगळं पणजीने आपल्या बोलीत सांगितलं आणि हिने ते मोबाईलवर टिपून घेतलं. अकरा मिनिटं. नंतर पणजी वारली.

पुढे मोबाईल बदलला. घरच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बिघडलं म्हणून दुरुस्तीला दिला, तो कोरा होऊन परत आला. मुलगी निर्धास्त होती. साईटवर आहे ना! आणि एक दिवस होस्टिंगवाल्यांचा निरोप आला. फुकटची योजना बंद होते आहे, खाती अमुक तारखेला पुसली जातील. हातात तीन दिवस. तिने साईट उघडली, पणजीच्या आवाजाचं बटण दाबलं. काही वाजेना. तिने पान जरा दुरुस्त करून बघितलं, तर ४०४.

संध्याकाळी घरी आली. डोळे भरलेले. "मॅडम, पणजीचा आवाज गेला."

मी म्हटलं, आधी चहा घे. मग आम्ही दोघी बसलो. पहिलं काम, जे आहे ते काहीही पुसायचं नाही, बदलायचं नाही. दुसरं, पानाची जुनी प्रत वाचली. आवाजाच्या फाइलचा पत्ता काय लिहिलाय? तर तो निघाला थेट घरच्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हमधला! म्हणजे काय, लक्षात आलं का? इतके महिने ती घरच्या कॉम्प्युटरमधलीच पानाची प्रत उघडत होती, आणि ती प्रत तिच्याच घरच्या डिस्कवरची फाइल वाजवत होती. साईटवरून तो आवाज आजवर बाहेरच्या कुणालाही ऐकू आलेला नव्हता, आणि हे कुणी सांगितलंही नाही. तो कॉम्प्युटर कोरा झाल्याबरोबर बटण मुकं झालं.

मग फाइल सर्व्हरवर चढवलीच नव्हती की काय? ती म्हणत होती, "चढवली होती मॅडम, मले पक्कं आठवते." होस्टिंगची फायलींची यादी उघडली. 'पब्लिक एचटीएमएल' नावाचा फोल्डर असतो. जगाला दाखवायचं ते सगळं त्यात ठेवायचं. त्यात पानं होती, फोटो होते. आवाज नाही. तिचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, एक पायरी वर जाऊन बघ. वरच्या फोल्डरमध्ये ती फाइल होती! सगळ्यांपासून लपून बसलेली. नावात मोकळी जागा, शेवटची अक्षरं मोठ्या लिपीत, आणि पानावर लिहिलेलं नाव छोट्या लिपीत, जागा न सोडता. जागा चुकीची आणि नावही चुकीचं, मग ४०४ नाही येणार तर काय?

फाइल आधी खाली उतरवली. वाजवून बघितली. पूर्ण अकरा मिनिटं. मधेच उठलो नाही दोघीही.

त्यानंतर तिची एक प्रत शाळेच्या पेनड्राइव्हवर गेली, एक तिच्या वडलांच्या मोबाईलमध्ये आणि एक अमरावतीला मावशीच्या कॉम्प्युटरवर. मावशीकडे का? तर तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि निदान एक तरी दुसऱ्या गावी, असा या धंद्यातल्या जाणत्या लोकांचा नेम आहे. हा नेम उगाच नाही झाला. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरांच्या इमारतीला आग लागली. एक आख्खी इमारत जळाली, लाखो साईट बंद पडल्या. ज्यांची दुसरी प्रतही तिथेच होती त्यांचं कायमचं गेलं. 'रस्ट' हा खेळ खेळणारी मुलं तुमच्यात असतील. त्याच्या युरोपातल्या काही सर्व्हरांवरचं सगळं त्या आगीत राख झालं. आणि आगच लागायला हवी असंही नाही. १९९४ पासून जिओसिटीज नावाची जागा होती, जगभरातल्या हौशी लोकांनी तिथे फुकटात आपापली पानं मांडली होती. पुढे ती याहूने विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केली. कोट्यवधी पानं! इंटरनेट अर्काइव्ह आणि इतर काही धडपड्या मंडळींनी वाचवता येतील तेवढी वाचवली, म्हणून आज त्यातली थोडी तरी बघायला मिळतात.

त्या मुलीची साईट नव्या जागी नेताना आणखी एक गंमत झाली. पान उघडलं तर मराठीच्या जागी नुसता कचरा. टोप्या घातलेले ए, चलनाची चिन्हं, टिंबं! हे तुम्हीही पाहिलं असेल. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची एकेक खूण तीन बाइटची असते. 'आष्टी' या शब्दात खुणा किती? आ, ष, हलन्ताची खूण, ट आणि दीर्घ वेलांटी. पाच. म्हणजे पंधरा बाइट. ब्राउझरला पानाने 'मी यूटीएफ-८ मध्ये आहे' असं सांगितलं नाही, तर तो एकेका बाइटला एक इंग्रजी चिन्ह समजतो, आणि पाच खुणांच्या जागी पंधरा भुतं नाचतात! पानाच्या डोक्यात, म्हणजे 'हेड'मध्ये, 'मेटा कॅरसेट यूटीएफ-८' ही एक ओळ घाला. झालं. मात्र मजकूर जुन्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर ही ओळ काही करणार नाही. त्यात मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त मराठीचे कपडे घातलेली. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. तुमच्या आई-बाबांच्या पिढीने वेबवर मराठी वाचली ती अशीच, प्रत्येक ठिकाणचा निराळा फाँट उतरवून घेत. तरीही लोकांनी हौस सोडली नाही. 'मायबोली' ही साईट परदेशातल्या मराठी माणसांनी १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू केली होती.

'ही साईट सुरक्षित नाही' असं दिसलं तर? आधी साईटला दोष देऊ नका. कॉम्प्युटरचं घड्याळ बघा! सुरक्षित साईटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या आतला बटणासारखा सेल संपला की तारीख मागे जाते, एखाद्या जुन्याच साली जाऊन बसते. मग सगळ्याच साईटची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटू लागतात. सेल स्वस्तात मिळतो, मोठ्या माणसाकडून बदलून घ्या. पण तारीख बरोबर असून फक्त तुमच्याच साईटवर इशारा येत असेल, तर तुमच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. 'लेट्स एन्क्रिप्ट' २०१५ पासून ते फुकट देते, पण थोड्याच महिन्यांसाठी. आपोआप नवं होण्याची सोय होस्टिंगमध्ये चालू आहे का, ते पाहा.

दोन गोष्टी मात्र मोठ्यांबरोबर बसूनच करा. नाव विकत घेताना खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो. ते आई-बाबांच्या नावावर घ्या, कॅफेवाल्या दादाच्या नावावर नको. तो गाव सोडून गेला की नाव त्याच्याबरोबर जातं. आपल्याकडे २०२३ साली झालेल्या कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती घ्यावी, असं सांगितलं आहे. आणि साईटवर स्वतःचा पत्ता, फोन, शाळेत जायची-यायची वेळ असलं काही लिहायचं नाही. संत्र्याच्या बागेचा फोटो टाका, बैलजोडीचा टाका, खुशाल!

चला, आता तुमच्यासाठी एक कोडं. एका मुलाची साईट नावाच्या आधी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट' लावलं की छान उघडते. ते न लावता नुसतं नाव टाकलं तर "पत्ता सापडला नाही" असं येतं. सर्व्हर चालू आहे, फायली जागच्या जागी आहेत, परवानग्या बरोबर आहेत. बिघाड कुठे असेल? उत्तर पोस्टकार्डावर लिहा, कारणासकट. नुसतं "डीएनएस" लिहिलं तर अर्धेच गुण!